कोकणातल्या घराला बाहेरचे दिवे कसे निवडावेत

मे महिन्यात गावी आलेलं माणूस रात्री अंगणात उतरलं की म्हणतं, "केवढा हा काळोख!" आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून पन्नास वॅटचा फ्लडलाइट आणून पडवीच्या वाशाला ठोकतं. आमच्याकडेही हेच झालं. अंगण लख्ख उजळलं, पण बेड्याकडून, म्हणजे फाटकाकडून, येणाऱ्याचे डोळे दिपायचे आणि पायाखालची पायरी काही दिसायची नाही. पहिल्याच पावसात काचेच्या आत पाणी साचलं आणि दिवा गेला. त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत जे कळलं, ते इथे क्रमाने लिहितो.

आधी काळोखात फिरा

दुकानात जाण्याआधी अमावास्येच्या आसपास घरातले दिवे मालवा आणि टॉर्च घेऊन घराभोवती एक फेरी मारा. बरोबर घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस हवं. आजी जिथे थबकते, जिथे भिंतीचा आधार घेते, ती जागा कागदावर टिपा. आमच्याकडे अशा पाच जागा निघाल्या: बेडं, पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, सात पायऱ्या, पडवीची कड, विहिरीचा कठडा आणि मागचं न्हाणीघर. जिथे आम्ही एवढा मोठा दिवा लावला होता, ते मधलं अंगण यादीत आलंच नाही.

कोकणात या यादीला आणखी एक कारण आहे, फुरसं. मातीच्या रंगाचा, जेमतेम हातभर लांबीचा हा विषारी साप दिवसा जांभ्याच्या गडग्यात, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणात, दडतो आणि रात्री बाहेर पडतो. वरून पडणाऱ्या सपाट उजेडात तो पाचोळ्यात मिसळून जातो. उजेड खालून आडवा आला, तर सुक्या पानाचीही सावली पडते आणि वेटोळं वेगळं दिसतं. म्हणून पाखाडीला खांबावरचा मोठा दिवा नको, जमिनीपासून दीड-दोन वीत उंचीवरचे, वरून झाकलेले छोटे दिवे घ्या. उजेड पायरीवर पडावा, बल्ब डोळ्यांना दिसू नये. अर्थात पायात चप्पल आणि हातात टॉर्च तरीही हवीच.

मग खोक्यावरचे आकडे वाचा

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते, आणि लुमेन म्हणजे उजेड किती देतो ते. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ८०० लुमेन द्यायचा. आज ९ वॅटचा एलईडी जवळपास तेवढा देतो. पायरीच्या एका दिव्याला ५० ते १०० लुमेन पुरतात, दारावर किंवा बेड्यावर ४०० ते ८००.

तिसरा आकडा केल्विनचा, म्हणजे उजेड पिवळसर की पांढरा ते सांगणारा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. काही न सांगता मागितलं की बहुतेक वेळा ६५०० केल्विनचा पांढराफटक दिवा हातात पडतो. बाहेरसाठी २७०० ते ३००० केल्विनचा 'वॉर्म व्हाइट' मागून घ्या. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावरच्या फॉस्फरच्या, म्हणजे उजेडाचा रंग बदलणाऱ्या पदार्थाच्या, थरामुळे तो पांढरा दिसतो. (या निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) केल्विन जितके जास्त, तितका त्यात निळा उजेड जास्त, आणि किडे सहसा त्याच्याकडेच अधिक ओढले जातात. पहिल्या पावसानंतर आम्ही पडवीच्या एका टोकाला ६५०० आणि दुसऱ्या टोकाला ३००० केल्विनचा दिवा लावून पाहिला. सकाळी केर काढताना पांढऱ्या दिव्याखाली वाळवीच्या पंखांचा सुपलीभर ढीग, पिवळ्याखाली मूठभर.

त्याच दिवसांत काजवेही निघतात. त्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक असते, आणि रात्रभर उजळलेल्या परसात ती हाक पोचत नाही. झाडांवर रोषणाईचे झोत टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. घर वेळास, आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यावर असेल, तर समुद्राकडे तोंड करून एकही दिवा नको. अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि घराचा दिवा त्यांना समुद्राऐवजी वाडीत आणतो.

पाऊस आणि खारा वारा

खोक्यावर 'आयपी' आणि दोन अंक असतात. पहिला अंक धुळीपासूनच्या बचावाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. पडवीच्या आतल्या बाजूला आयपी ४४ चालतो. पागोळ्यांखाली आणि उघड्यावर आयपी ६५, जमिनीत पुरायचा असेल तर आयपी ६७. पण आमच्या दिव्यात पाणी शिरलं ते वायरच्या भोकातून. तिथे रबरी ग्लँड, म्हणजे वायरभोवतीचं बूच, घट्ट बसवा, वायर खालून आत न्या आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून जातं. समुद्राजवळ पितळी किंवा चांगल्या प्लास्टिकचा दिवा टिकतो. स्क्रूही स्टेनलेस स्टीलचेच मागा, साधे वर्षभरात गंजून अडकतात.

सौर दिवे बेड्यासारख्या लांबच्या, ऊन लागणाऱ्या जागी ठीक आहेत. आंब्याच्या सावलीत किंवा जून ते सप्टेंबर त्यांच्या भरवशावर राहू नका.

न्हाणीघराच्या वाटेला सेन्सरचा दिवा लावा. तो शरीराची हलती उष्णता ओळखतो, सरळ समोरून येणाऱ्यापेक्षा आडवं जाणाऱ्याला लवकर टिपतो. म्हणून वाटेच्या बाजूला, दोन ते अडीच मीटरवर बसवा. पन्नास वॅटचा दिवा रोज बारा तास जळला तर महिन्याला १८ युनिट जातात. सेन्सरचा दहा वॅटचा दिवा एक युनिटही क्वचितच खातो.

वायरिंग

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. बाहेरच्या दिव्यांना वेगळा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच, आणि जमिनीखालून धातूच्या कवचाची आर्मर्ड केबल. विहिरीजवळ १२ व्होल्टचे दिवे घ्या. आरसीसीबीचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

दिवे कायमचे बसवण्याआधी एक रात्र तात्पुरते बांधा. मग बेड्यावर जाऊन घराकडे बघा, आणि शेजारच्या काकूंना विचारून त्यांच्या खिडकीतूनही बघा. कुठूनही बल्ब डोळ्यांत घुसत असेल तर दिवा खाली वळवा. आमचा बेड्यावरचा दोनदा वळवावा लागला.