विंडसर्फिंग बोर्डाचे नाक सांभाळताना

उजनीच्या जलाशयावर वाऱ्याचा झोत अचानक आला की शिडाच्या बोर्डावर उभा स्वार पुढे फेकला जातो आणि त्याच्यासोबत कोसळणारी डोलकाठी किंवा बूमचे (शीड हाताने धरायच्या आडव्या दांड्याचे) पुढचे टोक थेट बोर्डाच्या नाकावर, म्हणजे पुढच्या भागावर, आदळते. आत थर्मोकोलचा हलका फोम आणि वर फायबरचे पातळ कवच असल्याने हा घाव तिथे सहसा सोसत नाही. झोत जाणवताच मागचा हात सैल सोडून शिडातली हवा काढावी हे खरेच, पण हाताची सवय पक्की होईपर्यंत नाकावर फोमच्या पट्टीचा आधार हवा. त्यासाठी सोलापुरातून निघण्यापूर्वीच शीड जोडून डोलकाठी हळूच पुढे पाडून पाहावी, ती टेकते ती जागा पेन्सिलीने आखावी आणि तेवढा भाग बारीक पॉलिश पेपरने घासून, स्वच्छ पुसून तिथे जाड ईव्हीए फोमची (रबरासारख्या मऊ फोमची) पट्टी चिकटवावी. हे काम सावलीतच उरकावे, कारण इथल्या एप्रिलच्या उन्हात गोंद पुरता पसरण्याआधीच सुकू लागतो. गाडीच्या टपावर नेताना नाकाभोवती जुनी सोलापुरी चादर दुहेरी गुंडाळावी. एवढी जाड आणि चिवट वस्तू घरात दुसरी सापडणार नाही. तडा गेलाच, तर बोर्ड तत्काळ पाण्याबाहेर काढून पूर्ण वाळू द्यावा आणि तडा इपॉक्सी रेझिननेच बुजवावा, कारण पॉलिएस्टर रेझिन आतला थर्मोकोलच विरघळवते.