मोठ्या बोअरची लिव्हर-ॲक्शन रायफल : निवड, सराव आणि शिकार

चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ढकलून परत वर आणली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि नवे काडतूस नळीत बसते, अशी रचना असलेल्या रायफलीला लिव्हर-ॲक्शन म्हणतात. या घराण्यातील बहुतेक रायफली हरणापुरत्या मध्यम काडतुसांच्या असतात, पण .४५-७० किंवा .४४४ मार्लिन यांसारखी जाड काडतुसे वापरणाऱ्या, म्हणजे मोठ्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) रायफलींचा धक्का, गोळीचे वजन आणि पल्ल्याची मर्यादा या तिन्ही गोष्टी निराळ्या असल्यामुळे त्यांची हाताळणी वेगळी शिकावी लागते. या लेखात .४५-७० हे काडतूस आणि ते वापरणारी मार्लिन १८९५ ही रायफल समोर ठेवली आहे. माझे मत स्पष्ट आहे : ही दीडशे यार्डांच्या आतली रायफल आहे, आणि ते मान्य करून जो ती घेतो त्यालाच तिचा खरा उपयोग होतो. लांबचा नेम हवा असेल, तर दुसरी रायफल पाहावी.

अमेरिकन लष्कराने १८७३ साली स्प्रिंगफील्ड रायफलीबरोबर हे काडतूस स्वीकारले. त्यातील ४५ हा आकडा इंचाच्या शंभराव्या भागांत व्यास सांगतो, तर ७० हा आकडा मूळच्या काळ्या दारूचे ग्रेनमधील वजन सांगतो. एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन बसतात. पुढे हे काडतूस मार्लिन १८८१ आणि जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या विंचेस्टर १८८६ या लिव्हर रायफलींत आले. आजची मार्लिन १८९५ ही १९७२ साली नव्याने सुरू झालेल्या रचनेची वारसदार असून, २०२० साली रुगर कंपनीने मार्लिनचे नाव विकत घेतल्यानंतर ती नॉर्थ कॅरोलायनात तयार होते.

आधी कायदा

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. त्यामुळे हे मार्गदर्शन अमेरिकेत, आणि तेही परवान्याने, शिकार करणाऱ्यांसाठी आहे. तेथे दुकानातून रायफल घेताना वय किमान १८ असावे लागते, ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत.

एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ व्हिसावर राहणाऱ्या मराठी मंडळींनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. अशा व्हिसाधारकाला संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास मनाई आहे आणि त्याला मोजकेच अपवाद आहेत. त्यांतील नेहमीचा अपवाद म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना. मनाई खरेदीपुरती नसून बाळगण्याची आहे, म्हणून रेंजवर भाड्याने घेतलेली किंवा मित्राची रायफल हातात घेण्यापूर्वीही परवाना असणे आवश्यक आहे, आणि घरात रायफल असताना त्याची मुदत संपू देणे धोक्याचे आहे. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू होत नाही. परवान्यासाठी बहुतेक राज्यांत शिकारी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. सक्ती नसली तरी तो अवश्य करावा, कारण बंदुकीचे तोंड कोठे असावे ही सवय तेथेच लागते.

काडतूस चालते का, हेही राज्यागणिक तपासावे. पूर्वी हरणाच्या शिकारीला रायफलीची मुभा न देणाऱ्या ओहायोने २०१४ पासून सरळ भिंतीच्या (पुढे बाटलीच्या मानेसारख्या अरुंद न होणाऱ्या) ठरावीक काडतुसांना परवानगी दिली आणि त्यांत .४५-७० आहे, पण अशी परवानगी देणारी काही राज्ये काडतुसाच्या लांबीवर मर्यादा घालतात. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी चालत नाही, तेथे तांब्याची घ्यावी लागते.

रायफल पाहताना

मार्लिनचा माथा बंद असतो आणि रिकामे काडतूस उजव्या बाजूने बाहेर पडते, त्यामुळे दुर्बीण नळीच्या अगदी जवळ बसवता येते. जुन्या विंचेस्टर १८८६ मध्ये काडतूस वरून उडते, म्हणून तिच्यावर उघड्या माशीने (नळीच्या टोकावरच्या नेमखुणेने) किंवा मागे बसवलेल्या छिद्राच्या साइटने नेम धरणे सोयीचे. दाट जंगलासाठी मी छिद्राची साइट किंवा एक ते चार पट मोठे दाखवणारी लहान दुर्बीण सुचवेन. दुर्बीण घेतल्यास डोळा आणि काच यांत किमान साडेतीन-चार इंच अंतर राहील अशीच घ्यावी, नाहीतर धक्क्याने तिची कड भुवईवर आपटते.

वापरलेली रायफल घेताना ती रिकामी आहे हे स्वतः पाहावे, मग नळीत उजेड टाकून आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा) तपासावेत. स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील, तर अयोग्य हत्याराने कोणीतरी ती उघडली आहे असे समजावे. विक्रेत्याच्या परवानगीने नकली काडतुसे भरून लिव्हर आठ-दहा वेळा चालवावी. मार्लिनमध्ये काडतूस वर उचलणारा जो लोखंडी तुकडा असतो, त्याची कड झिजली की दुसरे काडतूस त्याच्याखाली घुसते आणि लिव्हर अर्ध्यात अडकते. हा दोष दुरुस्त होतो, पण किंमत ठरवताना तो माहीत असलेला बरा.

काडतुसाची निवड

या रायफलीच्या मालकाला सर्वांत जास्त विचार येथे करावा लागतो. एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या ताकदींची काडतुसे मिळतात. पहिल्या वर्गाची काडतुसे १८७३ च्या जुन्या स्प्रिंगफील्डलाही झेपतील इतक्या कमी दाबाची असतात. अमेरिकन उद्योगाच्या प्रमाणानुसार या काडतुसाचा कमाल दाब २८,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे. दुसरा वर्ग आधुनिक लिव्हर रायफलींसाठीचा, आणि तिसरा फक्त रुगर नंबर वन यांसारख्या भक्कम एकबारी रायफलींसाठीचा. जोरदार काडतुसांच्या खोक्यावर ती कोणत्या रायफलीत वापरू नयेत हे छापलेले असते. ते वाचल्याशिवाय काडतूस भरू नये, आणि दोन वर्गांची काडतुसे एकाच पिशवीत तर कधीच ठेवू नयेत.

नवा मालक बहुधा सर्वांत जोरदार खोके उचलतो, आणि माझ्या मते तेच चुकते. सात पौंडांच्या रायफलीतून ४०५ ग्रेनची गोळी सेकंदाला १,९०० फूट वेगाने सोडली, तर खांद्यावर येणारी ऊर्जा .३०८ या मध्यम काडतुसाच्या नेहमीच्या रायफलीच्या दुपटीहून अधिक असते. असे काडतूस थोडे झाडले तरी मन आवाजाआधीच दचकू लागते, चाप ओढण्याऐवजी झटकला जातो आणि नेम खाली घसरू लागतो. एकदा लागलेली ही खोड घालवायला फार वेळ जातो. त्याउलट ४०५ ग्रेनची साधी, १,३३० फूट वेगाची गोळी सहन करता येते, आणि शंभर यार्डांच्या आत पांढऱ्या शेपटीच्या हरणाला किंवा काळ्या अस्वलाला ती पुरेशी आहे. ताकदीची वाढीव गरज फक्त अलास्कासारख्या प्रदेशात, मोठ्या तपकिरी अस्वलापासून बचावाची वेळ येऊ शकते तेथे असते. त्यासाठी कठीण शिशाची, सपाट तोंडाची जड गोळी वापरतात.

नळीच्या खाली असलेल्या मॅगझिनमध्ये (काडतुसे साठवणाऱ्या दुसऱ्या नळीत) काडतुसे एकामागे एक झोपलेली असतात आणि प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या मधोमध, म्हणजे ठिणगी देणाऱ्या प्रायमरवर टेकते. टोक कडक व अणकुचीदार असेल, तर धक्क्यासरशी आतच स्फोट होऊ शकतो. म्हणून येथे केवळ सपाट तोंडाची गोळी, किंवा हॉर्नडी या काडतूस कंपनीच्या लिव्हरेव्होल्यूशनसारखी मऊ, दबणाऱ्या टोकाची गोळी वापरावी.

हात बसवणे

पहिले काही दिवस खऱ्या काडतुसांना हात न लावता नकली काडतुसांवर सराव करावा. भरताना बाजूची झडप अंगठ्याने दाबून काडतूस आत सरकवायचे असते. ते पूर्ण आत न ढकलता त्याची मागची कड झडपेबाहेर थोडी ठेवावी आणि पुढच्या काडतुसाच्या टोकाने त्याला आत लोटावे. असे केले की प्रत्येक वेळी अंगठा झडपेच्या धारेत अडकत नाही. फक्त शेवटचे काडतूस अंगठ्याने पूर्ण बसवावे.

लिव्हर चालवताना हयगय करू नये. ती तटेपर्यंत पुढे आणि तटेपर्यंत मागे, एकाच जोरकस हालचालीत न्यावी. भीत भीत अर्धवट ओढल्यास रिकामे काडतूस बाहेर पडत नाही किंवा नवे वर येत नाही, आणि बहुतेक अडकाठ्यांचे कारण रायफलीत नसून या अर्ध्या ओढीत असते. ही हालचाल दस्ता खांद्यावरून न काढता करण्याची सवय लावावी. लिव्हर मिटताना बोट चापावर नसावे.

लिव्हर मिटली की घोडा (चाप ओढल्यावर आपटणारा हातोडा) चढलेला आणि नळी भरलेली असते. तो अंगठ्याने अर्ध्या खाचेवर उतरवता येतो. पण जाड हातमोजे घातले असताना किंवा बोटे गारठलेली असताना तो निसटू शकतो, म्हणून नवख्याने सावज समोर येईपर्यंत नळी रिकामी ठेवावी असा माझा आग्रह आहे. रायफल रिकामी करताना तोंड सुरक्षित दिशेला धरावे, आडवा सेफ्टी खटका लावावा आणि लिव्हर सावकाश चालवत एकेक काडतूस बाहेर काढावे. मॅगझिनच्या तोंडाशी काडतुसे ढकलणारा तुकडा दिसला, की नळीच्या घरात डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे.

रेंजवर

कान आणि डोळे झाकून प्रथम २५ यार्डांवर, नंतर ५० आणि शेवटी १०० यार्डांवर नेम बसवावा. वाळूची पिशवी लाकडी भागाखाली ठेवावी, नळीखाली नाही. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट ओढून घ्यावा आणि पुढचा हातही पकड घेतलेला असावा. रायफल सैल धरली तर धक्का दुखतो. नळीला कड्यांनी बांधलेले मॅगझिन असल्यामुळे नळी तापली की लक्ष्यावर गोळ्या लागण्याची जागा सरकते, म्हणून दर तीन बारांनंतर ती थंड होऊ द्यावी. एका बैठकीत दहा-पंधरा जोरदार बार पुरेत, बाकीचा सराव .२२ या लहान काडतुसाच्या लिव्हर रायफलीवर करावा.

शंभर यार्डांवर नेम जुळवलेली ४०५ ग्रेनची साधी गोळी दोनशे यार्डांवर जवळजवळ दोन फूट खाली जाते. लिव्हरेव्होल्यूशनची ३२५ ग्रेनची गोळी शंभरावर तीन इंच वर ठेवली, तर दोनशेवर सुमारे चार इंच खाली आणि तीनशेवर सुमारे अठ्ठावीस इंच खाली लागते. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी जनावर जायबंदी होऊन पळते, हे या आकड्यांवरूनच कळते. बाकावरचा नेम जमल्यावर उभे राहून आणि गुडघा टेकून झाडावे, आणि आपल्या पाचही गोळ्या नऊ इंचांच्या ताटलीत ज्या अंतरापर्यंत बसतात, तेवढीच आपली मर्यादा मानावी.

जंगलात

नारिंगी जाकीट राज्याच्या नियमाप्रमाणे घालावे. झाडावरील मचाणावर चढताना रायफल रिकामी करून दोरीने वर ओढावी. अलास्कात परराज्यातील शिकाऱ्याला तपकिरी अस्वलासाठी परवानाधारक गाइड किंवा तेथे राहणारा जवळचा नातलग बरोबर घ्यावा लागतो.

जनावर पूर्ण आडवे उभे राहीपर्यंत थांबावे आणि पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तृतीयांशात नेम धरावा. त्याच्यामागे काय आहे हे दिसत नसेल, तर बार काढू नये. गोळी सुटताच लिव्हर लगेच चालवावी. जनावर पडलेले दिसले तरी दुसरी गोळी तयार असावी. ते झाडीत शिरले तर अर्धा तास थांबून मगच मागावर निघावे. माग काढताना फेसाळ, गुलाबी रक्त दिसले, तर गोळी फुफ्फुसात लागली आहे.

सफाई आणि साठवण

मार्लिनची नळी मागच्या बाजूने साफ करता येते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून लिव्हर अर्धी उघडावी, तिचा आसाचा स्क्रू नेमक्या मापाच्या पात्याने काढावा, लिव्हर खाली ओढून घ्यावी आणि बोल्ट मागे सरकवून बाहेर काढावा. त्याच वेळी काडतूस बाहेर फेकणारी छोटी पट्टी आत सुटून पडते. ती जपून बाजूला ठेवावी, कारण जोडणी करताना बोल्टच्या आधी तिची खुंटी भोकात बसवावी लागते. कठीण शिशाच्या गोळ्यांनी आट्यांत शिशाचा थर बसतो, तो पितळी ब्रशने काढावा. तेल पातळ लावावे, कारण जास्तीचे तेल थंडीत घट्ट होते आणि लाकडात मुरून ते सैल करते.

घरात रायफल पोलादी कपाटात कुलूपबंद ठेवावी, काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत, आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही असे पाहावे. विमानाने नेताना ती रिकामी करून कडक, कुलूपबंद पेटीत घालावी, चेक-इनच्या खिडकीवर स्वतः जाहीर करावी आणि केवळ कार्गोत जाणाऱ्या सामानात द्यावी. काडतुसांच्या वजनाची मर्यादा आणि वेष्टनाचे नियम प्रत्येक विमान कंपनीचे वेगळे असतात, म्हणून तिकीट काढतानाच ते विचारून घ्यावेत.