जवळचे माणूस गेल्यावर कामाची वाट बदलताना

राजीनाम्याचे पत्र लिहायला दहा मिनिटे पुरतात. थोरला भाऊ गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी ते लिहून तयार ठेवले होते आणि केवळ त्या संध्याकाळी इंटरनेट बंद पडल्यामुळे ते गेले नाही. पुढे अकरा महिन्यांनी मी ती नोकरी सोडली आणि क्षेत्रही बदलले. मात्र दुसऱ्या पत्रामागच्या कारणांपैकी एकही कारण पहिल्या पत्रामागे नव्हते. मृत्यूनंतर, किंवा अनेक वर्षांचा संसार मोडल्यानंतर, कामाची वाट बदलावीशी वाटणे यात वेडेपणा काहीच नाही. पण त्या वाटण्याला कृतीत उतरवण्याचा एक क्रम असतो: ज्यातून माघार घेता येते ते आधी करावे आणि ज्यातून घेता येत नाही ते सर्वांत शेवटी.

टॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ घटनांना ताणाचे गुण देऊन एक तक्ता तयार केला होता. त्यात जोडीदाराच्या मृत्यूला १००, घटस्फोटाला ७३, जवळच्या नातलगाच्या मृत्यूला ६३, आर्थिक स्थितीतील बदलाला ३८ आणि कामाचे क्षेत्र बदलण्याला ३६ गुण आहेत. वर्षभरातील बेरीज १५० च्या पुढे गेली की आजारपणाची शक्यता वाढते, असा त्यांचा अंदाज होता. तक्ता जुना आहे, ढोबळही आहे, आणि माणसामाणसांतला फरक त्यात मावत नाही. तरीही त्यातील एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. जोडीदार जाणे आणि त्यापाठोपाठ उत्पन्न घटणे यांचे १३८ गुण कोणाला न विचारता पदरात पडतात. कामाचे ३६ गुण कधी घ्यायचे, हे मात्र बहुतेकांना स्वतः ठरवता येते.

नेमके काय नकोसे झाले आहे

बातमीचा फोन मला कार्यालयाच्या जिन्यात आला होता, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांमधील वळणावर. त्यानंतर दोन महिने मी तो जिना टाळला, लिफ्टसाठी ताटकळत उभी राहिले, बैठकांना उशिरा पोहोचले आणि भेटेल त्याला सांगत सुटले की या कामात आता माझा जीव रमत नाही. कामात जीव रमत नव्हता हे खरे असेलही. पण त्या वेळी मला नकोसा झाला होता तो जिना. बसण्याची जागा दुसऱ्या इमारतीत मागून घेतल्यावर तक्रारीचा निम्मा भाग आपोआप विरला आणि जो निम्मा उरला, तो विचार करण्याजोगा होता.

म्हणून पहिले काम हे की, एका वहीत तीन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात: कामाचा मजकूर, म्हणजे दिवसभर हाताखालून प्रत्यक्ष जाणारी कामे; कामाची जागा आणि वेळापत्रक; आणि तिथली माणसे. प्रत्येकाखाली अलीकडच्या आठवड्यातील एखादा प्रसंग तारखेसह नोंदवावा. ‘सगळेच व्यर्थ वाटते’ हे वाक्य वहीत येऊ देऊ नये, कारण ते शोकाचे वाक्य आहे, नोकरीविषयीचे नव्हे. ही नोंद एका बऱ्या दिवशी, एका वाईट दिवशी आणि एका अगदी सामान्य दिवशी अशी तीनदा करावी. तिन्ही वेळा जी तक्रार तशीच उतरते, तिच्यावर विसंबायला हरकत नाही.

‘पहिले वर्षभर कोणताही मोठा निर्णय घेऊ नका’ असा सल्ला सर्वत्र मिळतो. तो वाईट नाही, पण ज्या घरातील कमावते माणूसच गेले आहे किंवा आजारपणाच्या शुश्रूषेसाठी ज्यांनी आधीच नोकरी सोडलेली आहे, त्यांच्या तो काही कामाचा नाही. दिनदर्शिकेपेक्षा स्वतःच्या डोक्याकडे पाहणे मला अधिक खात्रीचे वाटते. सलग दोन आठवडे बरी झोप लागते आहे का, दोन पाने वाचून त्यांतील मुद्दा तासाभराने सांगता येतो का, एखाद्या साध्या पत्राचे उत्तर त्याच दिवशी देता येते का? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर निर्णय घेणारे यंत्रच सध्या दुरुस्तीत आहे असे समजावे आणि कमाई अत्यावश्यक असेल तर ओळखीच्या, कमी जोखमीच्या कामाने दिवस भागवावेत. शोकात एकाग्रता आणि स्मरणशक्ती काही काळ मंदावते. तो आळस नव्हे.

उभारी म्हणजे काय नाही

न रडणे, चौथ्या दिवशी कामावर हजर होणे आणि ‘मी ठीक आहे’ असे म्हणत राहणे याला लोक कणखरपणा म्हणतात आणि त्याचे कौतुकही करतात. त्याच्या उलट टोकाला, शोकाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार) ओलांडल्याशिवाय माणूस सावरत नाही अशी समजूत आहे. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या त्या पायऱ्या मुळात मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांतून आल्या होत्या, मागे राहिलेल्यांसाठीचे वेळापत्रक म्हणून नव्हे. तेव्हा आपला राग ‘अजून का आला नाही’ याची काळजी करण्याचे कारण नाही.

मला पटलेली मांडणी मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या संशोधकांची आहे. १९९९ मध्ये त्यांनी असे म्हटले की शोकातील माणूस दोन दिशांमध्ये ये-जा करत असतो: कधी तो गेलेल्या माणसाकडे, आठवणींकडे वळतो, तर कधी व्यवहाराकडे, नव्या जबाबदाऱ्यांकडे आणि नव्या भूमिकांकडे. या ये-जा करण्यालाच ते निरोगीपणाचे लक्षण मानतात. नवे काम शोधणे हा उघडच दुसऱ्या दिशेचा भाग आहे, आणि त्यामुळेच त्यात एक धोका आहे: अर्ज, अभ्यासक्रम, मुलाखती यांच्या गर्दीत पहिल्या दिशेला फिरकायचेच नाही, अशी सोय सहज लावता येते. मीही ती काही काळ लावली होती.

व्यवहारात यावर उपाय साधा आहे. आठवड्याच्या नियोजनात दोन्ही कामांना वेळ लिहून द्यावा. तीन संध्याकाळी कामाच्या शोधासाठी आणि एक तास असा, ज्यात छायाचित्रे पाहावीत, पत्रे वाचावीत, गेलेल्या माणसाला ओळखणाऱ्या कोणाशी बोलावे किंवा नुसते बसावे. तो तास रडण्यात गेला तर तो वाया गेलेला नसतो. आणि शोधाच्या संध्याकाळी आठवण दाटून आली तर काम बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. वेळापत्रक मोडले म्हणून स्वतःला बोल लावत बसू नये. हसू आले, एखादा दिवस चक्क छान गेला, तर त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचेही कारण नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनानो यांच्या अभ्यासांत असे दिसले आहे की जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरही पुष्कळ लोकांचे रोजचे जगणे बऱ्यापैकी स्थिर राहते, आणि त्यांचे प्रेम कमी होते असा त्याचा अर्थ होत नाही.

मदत कधी घ्यावी, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. दीर्घकाळ न ओसरणाऱ्या तीव्र शोकाला आता वैद्यकीय वर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान ६ महिन्यांचा, तर अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या सुधारित नियमावलीत प्रौढांसाठी किमान १२ महिन्यांचा काळ धरला आहे. पण तेवढा काळ वाट पाहिलीच पाहिजे असे मुळीच नाही. अंथरुणातून उठवत नसेल, व्यसनाचा आधार वाढत असेल, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे लवकर जावे; आणि जगणे संपवावे असे विचार येत असतील तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगून मदत मिळवावी. तोवर कामाचा प्रश्न बाजूला राहू द्यावा.

गेलेल्या माणसाचे स्वप्न

हा भाग नाजूक आहे. भाऊ शिक्षक होता, आणि तो गेल्यानंतर काही महिने मला आपणही शिकवायला लागावे असे तीव्रतेने वाटत होते. अनेकांच्या बाबतीत असे घडते: आईच्या आजारपणात रुग्णालयात रात्री काढलेली मुलगी परिचारिका व्हायचे ठरवते, अपघातात मित्र गमावलेला तरुण बचाव पथकाकडे ओढला जातो. यातून उत्तम कारकिर्दी उभ्या राहिल्या आहेत. तरीही स्वतःला एक प्रश्न विचारावा: हे काम मी त्याच्या आठवणीसाठी करते आहे हे कोणालाच कळणार नसेल, तरी मंगळवारच्या कंटाळवाण्या दुपारी मला ते करावेसे वाटेल का? माझे उत्तर नकारार्थी आले. मला भावाजवळ राहायचे होते, वर्गात उभे राहायचे नव्हते, आणि त्याच्याजवळ राहण्याचे इतर मार्ग होते.

शोकग्रस्तांना किंवा गंभीर रुग्णांना आधार देण्याच्या कामात ज्यांना उतरायचे आहे, त्यांनी तर अधिक सबुरी धरावी. अशा कामातील अनेक संस्था नव्या स्वयंसेवकाला स्वतःच्या दुःखानंतर काही काळ, पुष्कळदा वर्षभर, थांबायला सांगतात. समोरच्याच्या खोलीत आपलेच दुःख घेऊन शिरू नये, हा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्य आहे.

वाट चाचपून पाहणे

नवे क्षेत्र घरात बसून विचार करकरून सापडत नाही. थोडे थोडे करून पाहिल्यावर सापडते. त्यासाठी माणसे लागतात, आणि शोकाच्या काळात नेमकी तीच तुटतात. जवळचे लोक जपून बोलतात आणि आपल्याला आहे तसेच ठेवू पाहतात, तर लांबच्या ओळखीच्या लोकांना काय बोलावे हे सुचत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. याचे कारण सोपे आहे: जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते, लांबच्यांचे जग वेगळे असते.

अशा लांबच्या ओळखीच्या माणसाला संदेश लिहिताना दुःखाची कहाणी सांगू नये आणि ते लपवूही नये. मी पाठवलेला संदेश साधारण असा होता: ‘आपण सहा वर्षांपूर्वी एका प्रकल्पात एकत्र होतो. घरातील एका मृत्यूनंतर मी कामाच्या दिशेचा नव्याने विचार करते आहे. तुमच्या क्षेत्राविषयी वीस मिनिटे बोलता येईल का? नोकरी मागत नाही, केवळ माहिती हवी आहे.’ नऊ जणांना तो पाठवला, सहा जणांनी उत्तर दिले. प्रत्येकाला मी तेच तीन प्रश्न विचारले: तुमचा कालचा दिवस कसा गेला, या कामातील कोणती गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही, आणि माझ्यासारखीने येण्याआधी काय शिकून यावे? ‘तुमचे काम कसे असते’ असे विचारल्यावर लोक भाषण करतात. ‘कालचा दिवस’ विचारला की खरे बोलतात.

त्यानंतर एक दिवस सोबत राहून काम पाहावे, मग एखादे लहान, शक्यतो मोबदला मिळणारे काम करावे, आणि मगच अभ्यासक्रमाचे शुल्क भरावे. मोठ्या शुल्काचा लांबलचक अभ्यासक्रम पहिल्याच महिन्यात घेणे हे बऱ्याचदा निर्णय घेतल्याचे समाधान विकत घेणे असते.

पैशांचा हिशेब महिन्यांत करावा. आधी गेलेल्या व्यक्तीची विमा, कर्ज, वारसनोंद यांची कागदपत्रे मार्गी लावावीत, कारण तोवर शिल्लक किती हे खरेच कळत नाही. मग दरमहा टाळता न येणारा खर्च काढून शिल्लक रकमेला त्याने भागावे. जितके महिने येतील त्यांतील एक आकडा आधीच वहीत लिहून ठेवावा की, इतके महिने उरले की मी जुन्या क्षेत्रातील काम पुन्हा शोधेन. हा आकडा शांत डोक्याने ठरवायचा असतो. पैसे संपत आल्यावर माणूस तो हमखास पुढे ढकलतो.

नव्या ठिकाणी

बायोडेटातील खंडाविषयी मुलाखतीत विचारतातच. एक वाक्य पुरेसे असते: ‘कुटुंबातील मृत्यूमुळे मी आठ महिने काम थांबवले होते; त्या काळाच्या शेवटी मी हे दोन लहान प्रकल्प पूर्ण केले.’ पहिला अर्धा भाग खरा आहे आणि दुसरा संभाषण कामाकडे नेतो. हे वाक्य घरी मोठ्याने, पुन्हा पुन्हा म्हणून पाहावे, आवाज स्थिर होईपर्यंत. त्यातूनही तो मुलाखतीत कापला तर पाणी प्यावे आणि पुढे बोलावे. पलीकडे बसलेल्यांनीही कोणी ना कोणी गमावलेले असते. याहून अधिक तपशील देण्यास कोणी बांधील नाही.

नव्या कार्यालयात एक विचित्र गोष्ट घडते, जिची मला कल्पना नव्हती. तिथे गेलेल्या माणसाला कोणीच ओळखत नसते. सुरुवातीला त्याचा सुटकेसारखा आनंद होतो, कारण कोणी मान तिरकी करून ‘कशी आहेस?’ असे विचारत नाही. काही आठवड्यांनी मात्र तेच बोचू लागते. एखाद्या सहकाऱ्याला वेळ पाहून सांगून ठेवावे, आणि वर्षदिनाच्या, वाढदिवसाच्या तारखांना रजा महिनाभर आधीच टाकावी. त्या दिवशी कामावर जावेसे वाटले तर रजा रद्द करता येते.

रुजू होण्याच्या दिवशी भरायच्या अर्जात ‘तातडीच्या वेळी संपर्क’ असा रकाना होता. हाताने सवयीने भावाचा क्रमांक लिहायला घेतला आणि पाचव्या आकड्यावर तो थांबला. मी कोरा अर्ज मागून घेतला. लिपिकबाईंनी काही न विचारता दुसरा दिला. त्यावर मी मैत्रिणीचे नाव लिहिले, जिना उतरून खाली आले आणि तिला तसे फोन करून कळवले.