इंग्रजीतलं 'टेक' मराठीत आणायचं कसं

टेक म्हणजे घेणे, टुक म्हणजे घेतले, असं शाळेत घोकलेलं असतं आणि पुढं बारावी होऊन एमपीएससीचा अभ्यास सुरू झाला तरी आपल्या सातारा-सांगलीकडच्या मराठी मीडियमच्या पोरापोरींकडं तेवढंच भांडवल असतं. मग 'शी टुक द एक्झाम' आलं की 'तिने परीक्षा घेतली' असं बिनधास्त लिहितात आणि अर्थ बरोबर उलटा होतो, कारण आपल्याकडं परीक्षा घेतात ते सर, पोरं परीक्षा देतात. पोरं हुशारच आहेत, एका शब्दाला एक अर्थ चिकटवून शिकवायची पद्धत तोकडी आहे, आणि ती बदलायला फार काही लागत नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी हा शब्द आला कुठून ते बघा, त्यातच निम्मं उत्तर आहे. टेक मुळात इंग्रजांच्या घरचा नाहीच. जुन्या इंग्रजीत घेणे याला 'निमन' म्हणायचे, जर्मनमधलं आजचं 'नेहमन' हे त्याचंच भावंड. नवव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन वस्ती करून राहिले, त्यांच्या बोलीत 'ताका' होतं, आणि शेजारपाजारी राहता राहता हळूहळू या ताकानं निमनला पार बाजूला सारलं. निमनची एक खूण आजही दिसते, 'नंब' म्हणजे बधिर, मूळ अर्थ घेतला गेलेला, म्हणजे ज्याची जाणीवच काढून घेतलीय असा. मिस्टेक पण त्याच पाहुण्यांकडून आलाय, मूळ अर्थ चुकीचं घेणे. आणि इंग्रजी-जर्मनच्या नात्यातल्या, चौथ्या शतकातल्या गॉथिक भाषेत टेकच्या कुळातलं जे क्रियापद सापडतं त्याचा अर्थ निव्वळ स्पर्श करणे. म्हणजे हात लावणे, मग हातात धरणे, मग धरून घेऊन जाणे, असा तो अर्थ पसरत गेला. आपलं टेकणे किंवा टेकू यांच्याशी याचं काही नातं नाही, तसंच निमनचं आपल्या नेणेशी पण नाही, नुसता आवाज जुळला म्हणून सोयरीक जुळवू नका.

आता कामाचं. वाक्यात टेक दिसला की त्याच्याकडं बघूच नका, त्याच्या पुढं कोणता शब्द आलाय तो बघा, मराठीत क्रियापद तो शब्द ठरवतो. फोटो असेल तर काढणे, आंघोळ असेल तर करणे, औषध किंवा चहा असेल तर घेणे, मार असेल तर खाणे, बस असेल तर पकडणे, विमा असेल तर उतरवणे, आणि 'टेक अ सीट' असेल तर नुसतं बसा की. कुठलंही नाम आलं की स्वतःला विचारायचं, आपली आजी हे कसं म्हणेल? आजी 'मी आंघोळ घेतली' म्हणणार नाही आणि 'कासला जाऊन फोटो घेतले' पण म्हणणार नाही. हल्ली साताऱ्याच्या पोवई नाक्यावर रस्ता विचारला तर 'लेफ्ट घ्या' असं सांगतात, बोलण्यात चालतंय, माझी त्याला हरकत नाही, पण लिहिताना डावीकडं वळा हेच लिहा कारण ते सरळ आहे आणि सगळ्यांना कळतं.

दुसरं बघायचं ते हाताची दिशा. 'टेक टू पेढाज' म्हणजे दोन पेढे घे, पण 'टेक द पेढाज टू ग्रँडमा' म्हणजे पेढे आजीला ने किंवा घेऊन जा. इंग्रजी एकाच टेकमध्ये हातात घेणं आणि पलीकडं पोचवणं दोन्ही बसवते, मराठीत त्याला घेणे आणि नेणे अशी दोन वेगळी क्रियापदं आहेत, म्हणून वाक्यात कुठं न्यायचंय ती जागा किंवा माणूस दिसला की लगेच नेणे. पेशंटला दवाखान्यात नेतात, घेत नाहीत.

आणि परीक्षेचं ते उलटं का होतं, तर घेणे-देणे ही जोडीच अशी आहे, बोलणारा कुठल्या बाजूनं बघतोय त्यावर ती फिरते. संस्कृतमधलं 'दा' म्हणजे देणे, पण त्याला आ लावला की आदान, म्हणजे घेणे, म्हणून तर आदानप्रदान म्हणतो आपण. तुर्कस्तानात हजारो वर्षांपूर्वी बोलली जाणारी हित्ती भाषा तर अजून पुढची, तिथं याच मुळातून आलेलं 'दा' उपसर्गाशिवायच घेणे या अर्थाचं आहे. त्यामुळं इंग्रजीत पोरं एक्झाम टेक करतात आणि मराठीत देतात यात कोणाचंच चूक नाही, फक्त अनुवाद करताना बाजू बदलायचं भान पाहिजे.

वेळ, पैसा, कष्ट, धाडस असं काही आलं आणि कर्ता 'इट' असेल तर विचार न करता लागणे. 'सांगलीहून मिरजेला जायला अर्धा तास लागतो', संपलं.

टेकच्या पुढं ऑफ, डाउन असा छोटा शब्द चिकटला की मात्र थांबा, तिथं जोडीचा मिळून एक अर्थ असतो. टेक ऑफ म्हणजे विमान असेल तर उडणे, चपला असतील तर काढणे. टेक डाउन म्हणजे लिहून घेणे, किंवा वर लावलेलं खाली काढणे. टेक आफ्टर ला आपल्याकडं किती छान आहे, पोरगं आज्यावर गेलंय. टेक ओव्हर ला नुसतं ताबा घेणे पुरत नाही, प्रसंग बघावा लागतो. मराठ्यांनी १६७३ मध्ये साताऱ्याचा किल्ला घेतला हे बरोबर, पण १८४८ मध्ये कंपनीनं सातारचं राज्य घेतलं असं लिहिलं तर ते फिकं पडतं, दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं असं लिहायचं, त्या एका शब्दात ते कसं गेलं हे पण येतं. टेक फॉर ग्रँटेड साठी गृहीत धरणे, आणि गंमत अशी की गृहीत आणि घेणे दोन्ही संस्कृतच्या एकाच 'ग्रह्' धातूतून आलेत, ग्राहक पण त्यातलाच.

सगळ्यात जास्त घोळ मनाच्या बाबतीत होतो. 'डोन्ट टेक इट टू हार्ट' चं 'मनावर घेऊ नको' असं सर्रास करतात. पण आई जेव्हा म्हणते की आता तरी अभ्यास मनावर घे, तेव्हा ती म्हणत असते की नेटानं लाग, म्हणजे ते टेक इट सीरियसली च्या जवळचं आहे. हार्टवालं म्हणजे मनाला लावून घेऊ नको. दोन्हीत घेणे आहे पण एकात जिद्द आहे आणि दुसऱ्यात दुखावणं, हे मिसळलं की वाक्य पार भलतीकडं जातं.

मराठीतून इंग्रजीत जाताना पण हीच काळजी. घर विकत घेतलं तर बाय, कोणाची भेट घेतली तर मीट, सभा घेतली तर होल्ड, पोरांचे तास घेतले तर साधं टीच. जेवून घे, झोपून घे यातल्या घेला इंग्रजीत वेगळं क्रियापदच नाही, तिथं ईट आणि स्लीप एवढंच ठेवा, फारतर आधी किंवा आत्ताच असा भाव वाक्यात आणा. आणि लग्नात नवरीनं नाव घेतलं तर त्याचं टेक करूच नका, तिनं उखाण्यात नवऱ्याचं नाव गुंफून म्हटलं असं दोन ओळीत सरळ उलगडून लिहा.