निसटता नंबर कॅमेऱ्यात कसा पकडला

सायकल चालवताना मागून आलेल्या गाडीचा आरसा माझ्या कोपराला चाटून गेला. पाय इतके लटपटत होते की उतरून कडेला बसावं लागलं. हँडलवर कॅमेरा होता, म्हणून तक्रार करायचीच असं ठरवलं. घरी येऊन पाहिलं, तर नंबर प्लेटच्या जागी नुसता पांढरा पट्टा! संध्याकाळचा उजेड कमी, शटर मंद आणि त्यात हँडलचे हादरे.

मग दुसरा कॅमेरा सीटखाली, मागे तोंड करून बसवला. मागून येणारी गाडी त्यात बराच वेळ समोर दिसते, त्यामुळे प्लेट वाचायला पुरेशा फ्रेम मिळतात. सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेम ठेवल्या. शिवाय नंबर दिसला की मोठ्याने म्हणतो. आवाज रेकॉर्ड होतो.

खरी अडचण अंतराची होती. रुंद कोनाच्या लेन्समध्ये गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते. अनेक देशांत सायकलला ओलांडताना किमान १.५ मीटर अंतर सोडणं बंधनकारक आहे, पण ते दाखवायचं कसं? सायकल उभी करून १ आणि १.५ मीटरवर खुर्ची ठेवली, त्याच कॅमेऱ्याने चित्रण केलं आणि पुढच्या तक्रारीला ते जोडलं. क्लिप कापली नाही. आधीची आणि नंतरची दोन मिनिटं तशीच ठेवली. वेळ, ठिकाण, दिशा, नंबर एवढंच लिहिलं. राग लिहिला नाही.

या वेळी पोलिसांचा फोन आला, जबाब घेतला आणि चालकाला नोटीस गेली.

एक मात्र विसरू नका: जुन्या फाइलवर कॅमेरा नवीन चित्रण चढवतो. घरी पोचल्याबरोबर मूळ फाइल उतरवून घ्या.