फ्रान्समधले पहिले तीन महिने : या चुका टाळा

सप्टेंबर उजाडला की फ्रान्समध्ये शिकायला आलेल्या नव्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात. काफचे, म्हणजे सरकारी घरभाडे मदतीचे, पैसे का आले नाहीत? बँक घराचा पत्ता मागते आणि घरमालक बँकेचा कागद मागतो, मग आधी काय करायचं? व्हिसा 'व्हॅलिडेट' करायचा म्हणजे नक्की काय? उत्तरं दरवर्षी तीच, आणि निघण्यापूर्वी ती कुणी वाचत नाही हेही दरवर्षी तेच. फ्रेंच कारभार संथ आहे यात वाद नाही. पण तिथे ओळख काढून, हातापाया पडून किंवा रोज खेटे घालून काम होत नाही. कागद पुरा असला की होतं, अपुरा असला की फाईल तिथेच पडून राहते, आणि ती पडून आहे हे कुणी फोन करून सांगतही नाही.

जन्मदाखला घरी ठेवून येणं

ही चूक पहिली घेतली, कारण ती विमानात बसण्याआधीच झालेली असते आणि इथे आल्यावर निस्तरायला महिने जातात. फ्रेंच सरकारी आरोग्य विम्यात, म्हणजे 'सेक्यु'मध्ये, विद्यार्थ्याला नोंदणीचे पैसे पडत नाहीत. आमेलीच्या, म्हणजे याच विम्याच्या, परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या साइटवर नाव नोंदवलं, पासपोर्ट, व्हिसा आणि युनिव्हर्सिटीचं प्रवेशपत्र चढवलं की तात्पुरता क्रमांक मिळतो. कायमचा क्रमांक आणि त्यानंतरचं कार्त व्हिताल, म्हणजे विम्याचं कार्ड, मात्र जन्मदाखल्याशिवाय मिळत नाही, आणि त्या दाखल्यावर आईवडिलांची नावं असावी लागतात. दहावीचं सर्टिफिकेट किंवा शाळा सोडल्याचा दाखला इथे चालत नाही.

आपल्याकडची अडचण खास आपली आहे. मूल दवाखान्यात जन्मतं, नोंद तिथूनच महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे जाते, आणि बारसं होतं बाराव्या दिवशी. म्हणून कित्येक दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरी असते. पुढे शाळा, आधार, पासपोर्ट सगळं दुसऱ्या कागदांवर निभावतं आणि ती कोरी जागा वीस-बावीस वर्षं कुणाच्या नजरेला पडत नाही.

साताऱ्याकडच्या एका मुलीचं नेमकं हेच झालं. मास्टर्ससाठी ल्याँला आली, घरून फोटो मागवला आणि दाखला चढवला. काही आठवड्यांनी उत्तर आलं, कागद ग्राह्य नाही. हिने का नाही हे न बघता तोच कागद पुन्हा चढवला, मग पुन्हा. प्रत्येक वेळी फाईल रांगेच्या शेवटी गेली. डिसेंबरात कुणीतरी नीट वाचून सांगितलं की दाखल्यावर हिचं नावच नाही. वडिलांनी ग्रामपंचायतीत अर्ज करून नाव चढवून घेतलं, तर नव्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि मुलीच्या पासपोर्टवर सासरचं. मग प्रतिज्ञापत्र, त्याचं फ्रेंच भाषांतर, आणखी वाट. मधल्या काळात बर्फावर घसरून मनगट मोडलं तेव्हा खर्च खिशातून भरावा लागला. दवाखान्यात मिळालेले तपकिरी कागद, म्हणजे 'फय द स्वँ', तिने जपून ठेवले होते म्हणून पैसे उशिरा का होईना परत मिळाले. ते कागद अनेक जण बिल समजून फेकून देतात.

तेव्हा निघण्याआधी दाखल्याची नवी प्रत काढा, मराठी-इंग्रजी दोन्ही असलेली. स्वतःचं नाव, आईवडिलांची नावं, जन्मतारीख आणि जन्मगाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवून बघा. नाव नसेल तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ खाली ते चढवण्याची तरतूद आहे, पण तिला मुदत असते, ती आधी विचारून घ्या. जिथे जन्म नोंदला तिथेच अर्ज करायचा. त्यानंतर राज्य पातळीवरचं साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणन. सगळीच फ्रेंच ऑफिसं अपोस्टील मागत नाहीत, पण मागितलं तर ते फ्रान्समध्ये बसून करवणं म्हणजे कुरिअर, एजंट आणि वडिलांच्या चकरा. आणि दाखला लॅमिनेट करू नका. आपल्याकडे प्रेमाने लॅमिनेट करतात, आणि मग त्यावर अपोस्टीलचा स्टिकर लावता येत नाही.

भाषांतर मात्र फ्रान्समध्येच करून घ्या, कोर्टाच्या यादीतल्या 'आसेरमांते' भाषांतरकाराकडून. गावच्या एजन्सीचा 'सर्टिफाइड' शिक्का इथे बहुतेक वेळा फुकट जातो. स्कॅन रंगीत, चारही कडा दिसणारा, दोन्ही बाजूंचा, पीडीएफमध्ये. चादरीवर ठेवून मोबाइलने काढलेला तिरका फोटो पाठवून 'सिस्टिम खराब आहे' म्हणणाऱ्यांचं काय करायचं, ते ठरलेलं नाही.

नावाचंच निघालं म्हणून: पासपोर्टच्या 'गिव्हन नेम'मध्ये वडिलांचं नाव असेल तर फ्रान्समध्ये ते तुमचं दुसरं नाव धरलं जातं. धरू द्या. एका फॉर्मवर लिहून दुसऱ्यावर गाळलं तर संगणकात तुम्ही दोन माणसं होता.

व्हिसा आला म्हणजे झालं, असं समजणं

दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा, ज्याला व्ही-एल-एस-टी-एस म्हणतात, फ्रान्समध्ये पाऊल ठेवल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो. गृहमंत्रालयाच्या परदेशी नागरिकांसाठीच्या साइटवर व्हिसा क्रमांक, प्रवेशाची तारीख आणि फ्रान्समधला पत्ता भरायचा, कार्डाने शुल्काचा ई-स्टॅम्प घ्यायचा, त्यावरचा क्रमांक टाकायचा. पाऊण तासाचं काम. पक्कं घर मिळाल्यावर करू म्हणून लोक थांबतात, घर मिळतं नोव्हेंबरात, आणि मग परीक्षा येतात. तात्पुरत्या पत्त्यावर करा, पत्ता नंतर बदलता येतो. मुदत गेली की तुमचा मुक्काम बेकायदा ठरतो. नाताळात घरी गेलात तर परत येताना विमानतळावर अडचण, आणि बहुधा नवा व्हिसा. पुष्टीचा पीडीएफ उतरवून ठेवा. फ्रँकफर्ट किंवा अ‍ॅम्स्टरडॅममार्गे आलात तर फ्रान्समधल्या प्रवेशाचा शिक्का नसतो, म्हणून पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास जपा.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या चार ते दोन महिने आधी, त्याच साइटवर. शेवटच्या आठवड्यात प्रेफेक्त्युरच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कचेरीच्या, दारात उभं राहून काही होत नाही.

पत्ता, बँक, भाडं यांचं चक्र

घर नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून घर नाही. हे चक्र पत्त्याच्या टोकाला तोडायचं. क्रूसच्या, म्हणजे सरकारी विद्यार्थी-सेवा संस्थेच्या, वसतिगृहात खोली मिळाली असेल तर त्यांचं राहण्याचं प्रमाणपत्र बँकेला पुरतं. ओळखीच्या कुणाकडे उतरला असाल तर त्यांच्याकडून 'आतेस्तासिआँ देबेर्जमाँ', म्हणजे तुम्ही त्यांच्याकडे राहता असं पत्र, घ्या, सोबत त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि त्यांच्या नावाचं वीजबिल. मग खातं उघडतं आणि 'रिब' मिळतो. रिब म्हणजे खात्याचा तपशील असलेला एक कागद. घरमालक, सेक्यु, काफ, मोबाइल कंपनी सगळे तोच मागतात. मोबाइलवर पाच मिनिटांत उघडणारं परदेशी खातं पहिल्या आठवड्यापुरतं ठीक. त्याचा आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, फ्रेंच नसला म्हणून नाकारणं युरोपीय नियमांत बसत नाही, तरी नाकारतात, आणि तुम्ही भांडत बसाल तोवर महिना जातो.

हमीदार, म्हणजे 'गारां', नसेल तर विझाल वापरा. ही सरकारमान्य हमी फुकट असते आणि १८ ते ३० वयाच्या विद्यार्थ्यांना मिळते. मुख्य अट ही: विझालचं प्रमाणपत्र भाडेकरारावर सही करण्याआधी हातात हवं. सही करून मग अर्ज करणाऱ्यांना काही मिळत नाही, आणि तेच पुढे पैसे घेऊन हमी देणाऱ्या कंपन्यांचे गिऱ्हाईक होतात.

घर न बघता पैसे पाठवू नका. मालक 'सध्या परदेशात' असेल आणि किल्ली कुरिअरने येणार असेल, तर घर नाहीच.

काफची घरभाडे मदत राहायला आल्याच्या पुढच्या महिन्यापासून लागू होते आणि मागचं काही मिळत नाही. सप्टेंबरात राहायला आलात आणि अर्ज नोव्हेंबरात केलात, तर ऑक्टोबरचे पैसे गेले. शिवाय शिष्यवृत्ती नसलेल्या युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांची ही मदत काढून घेण्याचा प्रस्ताव २०२६ च्या अर्थसंकल्पात मांडला गेला होता; सध्या नियम काय आहे ते आधी तपासा. म्हणून काफ मिळेल हे धरून महागडं घर घेऊ नका. जे काफशिवाय झेपतं तेच आपलं.

'एता दे लिय'वर डोळे मिटून सही

घर ताब्यात घेताना आणि सोडताना खोलीच्या स्थितीची जी नोंद होते ती 'एता दे लिय'. घाईत असलेला मालक किंवा एजन्सीचा माणूस दहा मिनिटांत सगळं 'चांगल्या स्थितीत' असं भरून तुमच्यापुढे टॅबलेट धरतो. तुम्ही प्रवासाने थकलेले, भाषा अर्धवट, सही करून मोकळे. वर्षाने सोडताना शेगडीवरचा ओरखडा, बेसिनची चीर, बंद न होणारं शटर सगळं तुमच्या नावावर. सुसज्ज, म्हणजे फर्निचरसकट भाड्याने दिलेल्या, घराला अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत घेता येते, त्यामुळे रक्कम लहान नसते.

ताबा घेताना सोबत कुणी असो वा नसो, तास काढा. प्रत्येक नळ गरम-थंड दोन्ही सोडून बघा, फ्लश ओढा, प्रत्येक शेगडी पेटवा, खिडक्या आणि शटर उघडझाप करा, गादी उलटून बघा, मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या लिहून घ्या. फोटो काढून त्याच दिवशी मालकाला ईमेल करा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. नंतर काही दिसलं तर दहा दिवसांच्या आत दुरुस्ती मागता येते, आणि हीटरबाबत थंडीचा पहिला महिनाभर. हा हक्क जवळजवळ कुणी वापरत नाही.

सगळ्यात जास्त पैसे कापले जातात ते बुरशीसाठी. खिडकीच्या वरच्या पट्टीत आणि न्हाणीघरात हवा खेळती ठेवणारी जाळी असते. तिथून गार वारा येतो म्हणून आपली मुलं तिला टेप लावतात, आत कपडे वाळवतात, भाताचा कुकर लावतात. वाफेला वाट राहत नाही आणि जानेवारीपर्यंत पलंगामागची भिंत काळी. ही वापरातली झीज नाही, ही तुमची चूक धरतात आणि ते बरोबरच आहे. जाळी मोकळी ठेवा, रोज दहा मिनिटं खिडकी सताड उघडा, अगदी शून्याखाली असलं तरी. नळावरचा पांढरा चुन्याचा थर पांढऱ्या व्हिनेगरने निघतो, महागडे फवारे नकोत.

सोडताना नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर देऊ नका. सुसज्ज घराला एक महिन्याची नोटीस लागते, ती पोचपावतीच्या रजिस्टर पत्राने द्यायची आणि महिना मालकाला पत्र मिळाल्या दिवसापासून मोजायचा, तुम्ही पोस्टात टाकल्यापासून नाही. दोन्ही नोंदी जुळल्या तर अनामत एका महिन्यात, नाहीतर दोन महिन्यांत परत यायला हवी. उशीर झाला तर प्रत्येक महिन्याला भाड्याच्या १० टक्के जादा मागता येतात. नुसतं पत्रात हे वाक्य लिहिलं तरी बरेच मालक जागे होतात.

बाकीचं थोडक्यात

तूप, पेढे, खवा बॅगेत नको: दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नको, वाळवून आणा.

अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतं का बघून स्टीलचा आणा, सोबत दोन जादा गॅस्केट.

फोडणीच्या धुराने भोंगा वाजतो म्हणून धूरसूचकाला पिशवी बांधू नका. खिडकी उघडा, झाकण ठेवा.

छोट्या खोलीचं वीज कनेक्शन अनेकदा ३ केव्हीएचं असतं. हीटर, शेगडी आणि किटली एकदम लावली की अंधार. एखादं उपकरण बंद करा, मग लिंकी मीटरवरचं अधिक चिन्हाचं बटण काही सेकंद दाबून धरा.

सीवेक, म्हणजे विद्यार्थी-जीवनासाठीचं सक्तीचं शुल्क, भरल्याशिवाय युनिव्हर्सिटीत नाव नोंदत नाहीत, आणि ते दरवर्षी नव्याने भरायचं. नाव नोंदलं तरी विषयांची नोंदणी वेगळी असते. ती राहिली तर परीक्षेच्या यादीत तुम्ही नसता.

परीक्षेला कारणाशिवाय गैरहजर राहिलात तर शून्य मिळत नाही, 'देफायाँ' असा शेरा मिळतो आणि अनेक ठिकाणी पूर्ण सत्र अडकतं. आजारी असाल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट त्याच आठवड्यात कचेरीत पोचवा. गुण २० पैकी असतात, १० ला उत्तीर्ण, १४ म्हणजे चांगलेच. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ९६४ तास काम करता येतं. रोखीत काम देणारा मालक तुमच्यावर उपकार करत नसतो.

कार्त व्हिताल हातात आलं की नेहमीचा डॉक्टर, म्हणजे 'मेदसँ त्रेताँ', जाहीर करा. नाहीतर ७० ऐवजी ३० टक्केच परत मिळतात. बरेच डॉक्टर नवे रुग्ण घेत नाहीत, त्यामुळे शोध ताप आल्यावर नाही, ऑक्टोबरातच सुरू करा. आणि दवाखाना असो, बेकरी असो की बस, तोंडातून पहिला शब्द 'बाँजूर' निघाला पाहिजे. तो न म्हणता थेट प्रश्न विचारलात तर उत्तर मिळतं, पण मदत मिळत नाही.