पगारपत्रक शिकताना: टक्क्यांपेक्षा अवघड गोष्टी

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत पगार विभागात रुजू झालो, तेव्हा कपातीचे टक्के पाठ असले की पगारपत्रक जमले, अशी माझी समजूत होती. भविष्य निर्वाह निधीचे दोन्ही बाजूंनी १२ टक्के, ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) कामगाराकडून ०.७५ आणि मालकाकडून ३.२५ टक्के, हे आठवडाभरात पाठही झाले. टक्का कोणाला, कोणत्या रकमेवर आणि कोणत्या महिन्यापर्यंत लावायचा, हे कळायला मात्र वर्ष गेले.

त्या वर्षी जुलैत एका मोल्डरचा, म्हणजे ओतकामाचे साचे करणाऱ्या कामगाराचा, पगार वाढून २१,००० रुपयांच्या पुढे गेला. ईएसआयची मर्यादा तेवढीच असल्याने मी त्याच महिन्यापासून त्याची कपात थांबवली आणि हातात चार पैसे जास्त पडल्याने तोही खूश झाला. सप्टेंबरात आमच्या ज्येष्ठ लेखापालांनी मस्टर पुढे ओढून विचारले, "याचे दिवस मोजलेत का?" वर्गणीचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन असतात आणि कालखंडाच्या आरंभी जो मर्यादेत असतो, त्याची वर्गणी तो कालखंड संपेपर्यंत, तीही वाढलेल्या पूर्ण पगारावर, भरावीच लागते. आजारपणाचा भत्ता मिळण्यासाठी कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. एप्रिल, मे आणि जूनचे प्रत्येकी २६ दिवस धरले तर बरोबर ७८ भरतात. पण हा गडी चैत्रात जोतिबाच्या यात्रेसाठी दोन दिवस बिनपगारी रजेवर होता. म्हणजे माझ्या चुकीने पुढच्या जानेवारी ते जूनमधला त्याचा हक्कच गेला असता. कामगाराचा राहिलेला हिस्सा पुढच्या पगारातून कापता येत नाही, त्यामुळे दोन्ही हिस्से कंपनीने भरले. मला कोणी रागावले नाही, याचेच जास्त वाईट वाटले.

व्यवसाय करावरून दर फेब्रुवारीत खिडकीशी गर्दी होते. महाराष्ट्रात १०,००० रुपयांहून अधिक पगाराच्या पुरुषाचे दरमहा २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. वर्षाची कमाल मर्यादा २,५०० असल्याने ते जादा १०० त्या महिन्यात बसवले आहेत, एवढे सांगितले की बहुतेकांचे समाधान होते. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत हा कर नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ही नोंद बदलली आहे का, हे नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात तपासावे. कामगार कल्याण निधीची कपात जून आणि डिसेंबरमध्येच असते, म्हणून ती हमखास विसरली जाते.

भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात, तेही १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे जास्तीत जास्त १,२५० रुपये. पासबुकात मालकाचा हिस्सा कमी का दिसतो, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. मूळ पगार मुद्दाम लहान ठेवून बाकी सारे भत्त्यांत दाखवण्याची पद्धत मला कधीच पटली नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर निम्म्यावरची रक्कम वेतनातच धरली जाते. त्यामुळे नोकरीला लागताच जुन्या पगारपत्रकांतील हे प्रमाण एकेका माणसागणिक काढून पाहावे. उचलीचे हप्ते वेगळ्या रकान्यात ठेवावेत, नाहीतर हा हिशेब कधीच जुळत नाही.